राखीव जागा नाकारणाऱ्या सरोजिनीबाई

बी. कॉम., द्वितीय वर्ष

बेळगावच्या टिळकवाडीतील काँग्रेस विहीर आपल्यापैकी बहुतेकांनी जाता-येता पाहिलेली आहे. १९२४ च्या डिसेंबरात राष्ट्रसभेचे अधिवेशन येथे भरले. जमणाऱ्या हजारो माणसांना पाणी पुरावे म्हणून तेव्हा ही विहीर खोदली गेली. गंगाधरराव देशपांडे यांनी खटपट करून ते अधिवेशन बेळगावला आणले आणि महात्मा गांधी त्याचे अध्यक्ष झाले. गांधीजींनी उभ्या आयुष्यात हे अध्यक्षपद एकदाच भूषविले आणि तेही आपल्या गावी, हे आपण शाळेपासून अभिमानाने ऐकत आलो आहोत. पण बेळगावात स्वीकारलेले ते पद पुढच्या वर्षी गांधीजींनी कोणाच्या हाती सोपविले, असे विचारले तर वर्गात चटकन हात वर होत नाहीत. १९२५ च्या डिसेंबरात कानपूर येथे ते पद सरोजिनी नायडू यांच्याकडे गेले. त्यापूर्वी १९१७ साली ॲनी बेझंट अध्यक्ष झाल्या होत्या, परंतु त्या जन्माने इंग्लंडच्या. भारतीय स्त्री त्या आसनावर बसली ती कानपूरलाच प्रथम.

याच सरोजिनीबाईंनी पुढे पाच-सहा वर्षांत दोन गोष्टी ठामपणे सांगितल्या. एक, आपण स्त्रीवादी नाही. दुसरी, विधिमंडळात स्त्रियांसाठी राखीव जागा नकोत. ज्या बाई स्वतः सर्वांत उंच पायरीवर पोचल्या त्यांनी इतर बायकांसाठी ठेवलेली शिडी का नाकारावी? हा प्रश्न माझ्या मनात घर करून बसला. हा वाद केवळ जुन्या काळाचा नाही, तो माझ्या घरात रोज संध्याकाळी चहाबरोबर चालतो, आणि कॉलेजातही चालतो. म्हणून सरोजिनीबाईंचे चरित्र या एका प्रश्नाच्या अंगाने वाचकांपुढे ठेवण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

सरोजिनीबाईंचा जन्म १३ फेब्रुवारी १८७९ रोजी हैदराबादेत झाला. वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय हे मूळचे बंगालचे. एडिंबरो विद्यापीठाची विज्ञानातील डॉक्टरेट घेऊन ते निजामाच्या राज्यात आले, आणि पुढे निजाम कॉलेज म्हणून नावारूपास आलेली संस्था त्यांनी उभी केली. आई वरदासुंदरी बंगालीत कविता करीत. आठ भावंडांत सरोजिनी थोरली. घरात बंगाली, शहरात उर्दू आणि तेलुगू, आणि शिक्षण इंग्रजीतून, असे त्यांचे बालपण होते. आपण सीमाभागातील मुले घरी मराठी, बाजारात कन्नड आणि वर्गात इंग्रजी अशी दिवसातून तीन वेळा जीभ बदलतो, त्यामुळे ते घर मला परके वाटले नाही. फरक आहे तो वेगळाच. त्या घरात मुलीने शिकावे की नाही हा प्रश्नच कधी निघाला नाही.

बाराव्या वर्षी त्या मद्रास विद्यापीठाची मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाल्या आणि साऱ्या इलाख्यात पहिल्या आल्या. १८९५ साली निजामाची शिष्यवृत्ती घेऊन, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्या इंग्लंडला गेल्या. लंडनच्या किंग्ज कॉलेजात आणि मग केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात त्या शिकल्या. तेथे एडमंड गॉस या नामांकित समीक्षकाने त्यांच्या कविता वाचून त्यांना सल्ला दिला, की इंग्लंडच्या पाखरांचे आणि फुलांचे अनुकरण करीत बसण्यापेक्षा आपल्या देशाचे लिहावे. तो सल्ला त्यांनी मानला. १८९८ मध्ये त्या परतल्या आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात डॉ. गोविंदराजुलू नायडू यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुलगी बंगाली ब्राह्मण, मुलगा तेलुगू आणि ब्राह्मणेतर. १८७२ च्या विवाह कायद्यानुसार मद्रासला झालेल्या या लग्नात आंध्रचे थोर समाजसुधारक कंदुकूरी वीरेशलिंगम् यांनी पुढाकार घेतला. ही गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे आई-वडिलांचे आणि पतीचे मोठेपण कळते.

येथे क्षणभर थांबून एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. सरोजिनीबाईंची बुद्धी असामान्य होती यात शंका नाही. मॅट्रिकला पहिला नंबर काही कोणी दान म्हणून देत नाही. परंतु बुद्धी असलेल्या किती मुली त्या काळी मॅट्रिकच्या परीक्षेला बसू शकत होत्या? गुणवत्ता त्यांची स्वतःची होती, परंतु परीक्षेच्या दालनाचा दरवाजा वडिलांनी उघडून दिला होता. आम्ही वाणिज्य शाखेची मुले जमाखर्च मांडताना भांडवल कोठून आले हे पहिल्या ओळीत लिहितो. माणसाच्या यशाचा हिशेब लिहितानाही ती ओळ गाळू नये.

सुरुवातीला सरोजिनीबाईंची कीर्ती झाली ती कवयित्री म्हणून. त्यांचे इंग्रजी काव्यसंग्रह १९०५, १९१२ आणि १९१७ साली प्रसिद्ध झाले आणि लोकांनी त्यांना भारतकोकिळा हे नाव दिले. चार मुले, नाजूक प्रकृती आणि पाहुण्यांनी भरलेले हैदराबादचे घर सांभाळून त्या लिहीत होत्या. त्यांना सार्वजनिक कामाकडे ओढून नेले ते नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी. १९०६ साली कलकत्त्याच्या सामाजिक परिषदेत स्त्रीशिक्षणावर त्यांनी केलेले भाषण गाजले. १९०८ साली मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले, तेव्हा त्यांनी मदतकार्यात स्वतःला झोकून दिले. सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले होते, पण जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर ते त्यांनी परत केले.

स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्यात त्या उतरल्या १९१७ मध्ये. भारतमंत्री माँटेग्यू राजकीय सुधारणांची चौकशी करण्यासाठी देशात आले होते. डिसेंबरात मद्रासला सरोजिनीबाईंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे एक शिष्टमंडळ त्यांना भेटले. पुरुषांना ज्या अटींवर मत मिळेल त्याच अटींवर ते स्त्रियांनाही मिळावे, हे त्यांचे मागणे होते. पुढच्या वर्षी, १९१८ च्या मे महिन्यात, मुंबई इलाख्याची प्रांतिक परिषद विजापूरला भरली. आपल्या शेजारच्या या गावी सरोजिनीबाईंनी स्त्री-मताधिकाराचा पुरस्कार केला. मग त्याच वर्षी मुंबईला राष्ट्रसभेच्या खास अधिवेशनात त्यांनी हाच विषय मांडला. तेथे जमलेल्या हजारो पुरुषांना त्यांनी धीर दिला, की मत मिळाले म्हणून बाई घर सोडणार नाही, पुरुषाच्या कामात ढवळाढवळ करणार नाही, उलट मुलांवर देशप्रेमाचे संस्कार ती अधिक चांगले करील. आज आपल्या वयाच्या मुलींना हे बोलणे रुचणार नाही. मत मागायचे तर त्यासाठी आधी चांगली आई असल्याची हमी कशाला द्यायची, असे आपण विचारू. पण समोर कोण बसले होते हेही पाहिले पाहिजे. पाळण्याची दोरी हातात धरून मतपेटीपर्यंत जाण्याची वाट त्यांनी मुद्दाम निवडली होती.

१९१९ मध्ये त्या लंडनला गेल्या आणि पार्लमेंटच्या समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. ॲनी बेझंट, मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची कन्या मिठन याही त्याच कामासाठी तेथे होत्या. पार्लमेंटने स्वतः निर्णय न घेता तो प्रांतांच्या कायदेमंडळांवर सोपविला. १९२१ मध्ये मद्रास आणि मुंबई या इलाख्यांनी स्त्रियांना मत दिले. मात्र मालमत्तेची अट कायम राहिली, आणि बायकांच्या नावावर मालमत्ता ती किती असणार!

कानपूरचे अध्यक्षपद या कामानंतरचे आहे. त्याआधी १९२४ साली पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत जाऊन तेथील हिंदी लोकांच्या हक्कांसाठी त्या झगडल्या होत्या. बाई आहे म्हणून शोभेसाठी त्यांना खुर्चीवर बसविले, असे म्हणण्यास कोणालाही जागा नव्हती. आणि मला वाटते, त्यांच्या पुढच्या मतांचे मूळ येथेच आहे. जी व्यक्ती स्वतःच्या पायांनी चढून गेली तिला कोणी हात देऊ केला तर त्यात तिला उपकाराचा वास येतो.

१९३० च्या जानेवारीत मुंबईला अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन झाले. ही परिषद तीन वर्षांपूर्वी पुण्यात स्थापन झाली होती. अध्यक्षस्थानावरून बोलताना सरोजिनीबाईंनी सांगितले, की आपण स्त्रीवादी नाही. स्त्रीवादी म्हणवून घेणे म्हणजे आपले आयुष्य दडपलेले आहे अशी कबुली देणे, आणि खास सवलत मागणे म्हणजे स्वतःचा कमीपणा मान्य करणे, असा त्यांचा युक्तिवाद होता. भारतात स्त्रिया मसलतीत आणि रणांगणावर पुरुषांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या आहेत, तेव्हा सवलतीची गरज काय, असे त्यांचे म्हणणे होते.

आपल्या कित्तूरच्या चन्नम्मांचे स्मरण केले म्हणजे हे बोलणे ऐकायला गोड लागते. परंतु १९३१ च्या जनगणनेत या देशातील शंभर स्त्रियांत जेमतेम तिघी साक्षर होत्या. उरलेल्या सत्त्याण्णवांच्या वतीने आपण दडपलेल्या नाही असे सांगता येईल काय? मग इतक्या बुद्धिमान बाईंनी ते का सांगितले? याचे उत्तर त्या काळाच्या राजकारणात आहे. १९२७ साली कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईंचे 'मदर इंडिया' हे पुस्तक निघाले. हिंदी स्त्रीच्या दैन्याचे भडक चित्र रंगवून, असा देश स्वराज्याला लायक नाही, असा निष्कर्ष त्यातून काढला जात होता. १९२८-२९ मध्ये सरोजिनीबाई अमेरिकेचा दौरा करून आल्या, तेव्हा त्या पुस्तकाने केलेली हानी भरून काढणे हा त्यांचा एक हेतू होता. आमच्या स्त्रिया पिचलेल्या आहेत असे म्हणावे, तर परका राज्यकर्ता तेच वाक्य उचलून स्वराज्याच्या विरुद्ध वापरणार. ही त्यांची अडचण होती. घरातील भांडण शेजाऱ्यासमोर मांडू नये असे आपल्याकडे म्हणतात, येथे तर शेजारी घर बळकावूनच बसला होता.

याच सुमारास त्यांच्याहून चोवीस वर्षांनी लहान असलेल्या एका बाईंची गोष्ट सांगितलीच पाहिजे. मंगळूरच्या कमलादेवी या सरोजिनीबाईंच्या भावजय, हरींद्रनाथांच्या पत्नी. १९२६ मध्ये त्यांनी मद्रास कायदेमंडळाची निवडणूक लढविली आणि थोडक्यात हरल्या. १९३० च्या मार्चमध्ये गांधीजी दांडीला निघाले तेव्हा त्यांच्या तुकडीत एकही स्त्री नव्हती. कमलादेवींनी गांधीजींना गाठून या सत्याग्रहात स्त्रियांना मोकळीक द्या असा आग्रह धरला. पुढे त्यांनी मुंबईच्या शेअर बाजारात शिरून मिठाच्या पुड्या विकल्या. सरोजिनीबाई त्याच मे महिन्यात धरासण्याच्या मिठागरांवर सत्याग्रहींच्या अग्रभागी होत्या. २१ मे रोजी शेकडो स्वयंसेवक लाठ्या खात कोसळत होते आणि त्यांपैकी कोणी हात उगारू नये हे त्या बजावत होत्या. त्या दिवशी त्यांना अटक झाली. नणंद काय आणि भावजय काय, दोघी पुढेच होत्या. पण दरवाजा बंद दिसला की थोरली आपल्या वजनाने तो उघडी, आणि धाकटी तो बंद का आहे हे आधी विचारी.

आता राखीव जागांच्या मूळ वादाकडे येऊ. १९३० च्या अखेरीस लंडनला पहिली गोलमेज परिषद भरली. राष्ट्रसभेने तिच्यावर बहिष्कार घातला होता. सरकारने दोन स्त्रियांना बोलाविले. एक लाहोरच्या बेगम जहाँआरा शाहनवाज, आणि दुसऱ्या राधाबाई सुब्बरायन. राधाबाईही मंगळूरच्याच. दलितांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणारे कुद्मुल रंगराव यांच्या त्या कन्या, आणि सरोजिनीबाईंहून बारा वर्षांनी लहान. या दोघींनी मागणी केली, की निदान काही निवडणुकांपुरत्या स्त्रियांसाठी थोड्या जागा राखून ठेवाव्यात. राधाबाईंचा मुद्दा व्यवहारी होता. उदात्त तत्त्वे कितीही बोलली तरी सनातनी मतदार बाईला निवडून देणार नाही, पक्ष तिला उभी करणार नाही, आणि बायका मंडळात शिरल्याच नाहीत तर त्यांची कर्तबगारी लोकांना दिसणार तरी कशी?

सरोजिनीबाई आणि स्त्रियांच्या प्रमुख संघटना यांना हे पटले नाही. १९३१ मध्ये मुंबईला सरोजिनीबाईंच्या पुढाकाराने विचारविनिमय झाला आणि तीन अखिल भारतीय महिला संघटनांनी मिळून एक निवेदन तयार केले. त्यात राखीव जागा, नेमणूक, स्वीकृत सदस्यत्व, सारे नाकारले होते. परंतु त्याच कागदावर दुसरीही मागणी होती, आणि ती आपण विसरतो. प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला, मालमत्ता असो वा नसो, अक्षर येवो वा न येवो, मत मिळाले पाहिजे. दुसऱ्या गोलमेज परिषदेत सरोजिनीबाईंनी तेच मांडले. बेगम शाहनवाज यांनी आता त्यांची बाजू घेतली. राधाबाई मात्र आपल्या मतावर एकट्या राहिल्या. राष्ट्रसभेच्या लोकांचा त्यांच्यावर रोष होता, कारण त्यांना परिषदेत सरकारने नेमले होते. तरी त्या हटल्या नाहीत. मला हे दोन्ही प्रकारचे धैर्य सारखेच वाटते.

सरोजिनीबाईंची भीती अनाठायी नव्हती. १९३५ च्या कायद्याने प्रांतिक विधानसभांत स्त्रियांसाठी ४१ जागा राखल्या, परंतु त्या धर्माधर्मांत वाटून दिल्या. स्त्रियांच्या संघटनांनी जे नको म्हणून सांगितले होते तेच सरकारने केले. मताचा हक्कही अनेकींना कोणाची तरी पत्नी किंवा विधवा म्हणून मिळाला. मतदार स्त्रियांची संख्या सुमारे ६० लाख झाली, प्रौढ मताधिकार मात्र दूरच राहिला. पण राधाबाईंचे भाकीतही खोटे ठरले नाही. १९३७ च्या निवडणुकीत ज्या स्त्रिया विधानसभांत आल्या त्यांतील बहुतेक राखीव जागांवरूनच आल्या.

पुढचा इतिहास सर्वपरिचित आहे. १९४२ च्या लढ्यात सरोजिनीबाई गांधीजींबरोबर पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध होत्या. घटना समितीत १५ स्त्रिया होत्या, त्यांपैकी त्या एक. त्यांच्याहून कितीतरी लहान असलेल्या हंसा मेहता आणि रेणुका रे यांनीही तेथे राखीव जागा नकोत असेच सांगितले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी सरोजिनीबाई संयुक्त प्रांताच्या राज्यपाल झाल्या. भारतात राज्यपाल झालेली ही पहिली स्त्री. २ मार्च १९४९ रोजी लखनौला त्यांचे देहावसान झाले. १९३१ साली त्यांनी मागितलेला प्रौढ मताधिकार राज्यघटनेने दिला, तो पाहायला त्या राहिल्या नाहीत.

हिशेबाची पुढची पाने त्यांच्या मागे लिहिली गेली. १९५२ मध्ये पहिली लोकसभा निवडून आली, तेव्हा तिच्यात स्त्रिया शंभरात पाचही नव्हत्या. १९७१ साली केंद्र सरकारने स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी एक समिती नेमली. वीणा मजुमदार या राज्यशास्त्राच्या प्राध्यापिका तिच्या सचिव होत्या. त्यांची पिढी स्वातंत्र्याच्या सुमारास वाढलेली, घटनेने दिलेल्या समानतेवर तिचा पूर्ण भरवसा, आणि राखीव जागांविषयी वीणाबाईंचे मतही आधी थोर पिढीसारखेच होते. परंतु समितीच्या कामासाठी देशभर फिरल्यावर, गावोगावच्या बायकांशी बोलल्यावर ते बदलले. १९७४ च्या अखेरीस समितीने अहवाल दिला. बहुमत विधिमंडळांतील राखीव जागांच्या विरुद्धच गेले. वीणा मजुमदार आणि कायद्याच्या प्राध्यापिका लतिका सरकार यांनी मात्र भिन्नमतपत्रिका जोडून राखीव जागांची बाजू घेतली. राधाबाई एकट्या पडल्या होत्या त्याला तेव्हा चाळीस-बेचाळीस वर्षे झाली होती.

कर्नाटकाने या बाबतीत पाऊल लवकर उचलले. १९८३ च्या कायद्याने जिल्हा परिषदा आणि मंडल पंचायती यांत स्त्रियांसाठी २५ टक्के जागा ठेवल्या गेल्या आणि १९८७ मध्ये त्यांच्या निवडणुका झाल्या. सबंध देशासाठी एक तृतीयांश जागांची घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली, म्हणजे आपण सहा वर्षे आधी.

येथे माझ्या घरातील वाद सांगते. माझी आज्जी १९८७ च्या त्या निवडणुकीत खानापूर तालुक्यातील आमच्या गावाहून बायकांच्या जागेवर निवडून आली. पहिल्या दोन सभांना तिच्याऐवजी आजोबाच जाऊन बसले. तिसऱ्या सभेला ती स्वतः गेली. कामकाजाचे कागद कन्नडमध्ये, आणि तिला फक्त मराठी येत होते. तिने माझ्या काकांचे कन्नड पहिलीचे पुस्तक घेतले आणि रात्री भाकऱ्या झाल्यावर चुलीपुढे बसून अक्षरे गिरवली. वर्षभराने ती ठराव स्वतः वाचून मग सही करू लागली. आमच्या वाडीला बोअरिंग मिळाले ते तिच्या पाठपुराव्याने. आज्जीचे म्हणणे साधे आहे. ती जागा बायकांची नसती तर तिला उभी राहा असे कोणी म्हटलेच नसते.

माझी आई शिक्षिका आहे. स्पर्धा परीक्षा देऊन, यादीत वरचा क्रमांक मिळवून तिने नोकरी घेतली. तिला राखीव हा शब्दच खपत नाही. बाई असूनही किती छान काम करता, असे कोणी कौतुक केले की ती दिवसभर घुश्शात असते. राखीव जागेमुळे सर्वच बायकांच्या कर्तृत्वावर शंकेचे बोट उठते, असे तिला वाटते. म्हणजे आमच्या घरी गंमत अशी, की सरोजिनीबाई आईच्या तोंडून बोलतात आणि राधाबाई आज्जीच्या. धाकटी पिढी नेहमी पुढची आणि थोरली मागासलेली, हा आपला सोयीचा समज आहे, प्रत्यक्षात तसे काही नाही. हंसाबाई धाकट्या असून सरोजिनीबाईंच्या बाजूला होत्या, राधाबाईंचे बरोबर म्हणायला वीणाबाईंना अर्धे आयुष्य लागले.

मग मी कोठे उभी आहे? आमच्या कॉलेजात प्रत्येक वर्गाला एक मुलगा आणि एक मुलगी असे दोन प्रतिनिधी असतात. मुलींची जागा ठरलेली आहे, ती कोणी हिरावून घेत नाही. परंतु स्नेहसंमेलन आले की मुलींच्या प्रतिनिधीकडे रांगोळी, औक्षण आणि पाहुण्यांचे स्वागतगीत येते. मंडपवाल्याशी बोलणे, वर्गणीचे पैसे आणि खर्चाची वही मुलांच्या प्रतिनिधीकडे जाते. गेल्या वर्षी आमच्या वर्गाची प्रतिनिधी मी होते. हिशेबशास्त्रात माझे गुण वर्गात दुसरे. तरीही ती वही मला पाहायला मिळाली नाही. जागा राखीव होती आणि गुणवत्ताही होती, पण वहीपर्यंत मी पोचले नाही. आज्जी पहिल्या दोन सभांना घरी बसली होती तीच ही अवस्था.

म्हणून मला वाटते, राखीव जागा की गुणवत्ता, असा प्रश्न मांडण्यातच घोटाळा आहे. राखीव जागा गुणवत्तेच्या बदली मिळत नाही. ती गुणवत्ता दाखविण्यासाठी मिळालेली मुदत आहे. आज्जीला जागा कायद्याने मिळाली, कन्नड मात्र ती स्वतः शिकली. सरोजिनीबाईंनी जागा नाकारली तेव्हा त्यांचा भरवसा असा होता, की सर्वांना मत मिळाले म्हणजे बायका आपोआप निवडून येतील. तो भरवसा उदात्त होता. परंतु २०२४ च्या निवडणुकीत ५४३ जणांच्या लोकसभेत ७४ स्त्रिया निवडून आल्या, म्हणजे शंभरात चौदाही नाहीत. बहात्तर वर्षांत पाचाच्या आतून चौदाच्या आत! तत्पूर्वी, २०२३ च्या सप्टेंबरात संसदेने लोकसभा आणि विधानसभा यांत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी ठेवणारी घटनादुरुस्ती मंजूर केली. जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना यांनंतर ती लागू व्हावी, अशी अट तिच्यात घातलेली आहे.

सरोजिनीबाईंविषयी माझ्या मनात आदर आहे, आणि तो त्यांचे चरित्र वाचून वाढला. परक्या सत्तेपुढे आपल्या बायकांची मान खाली जाऊ नये, ही त्यांच्या नकारामागची तळमळ मला आता समजते. तरीही या एका प्रश्नावर मी त्यांच्याशी सहमत होऊ शकत नाही. आज कौल द्यायचा झाला तर मी राधाबाईंच्या बाजूने देईन. मात्र सरोजिनीबाईंचा एक आग्रह मी सोबत ठेवीन, तो असा, की खुर्चीवर बसलेल्या बाईने स्वतःला कोणाच्या मेहरबानीची समजू नये. हा लेख वाचून आईला राग येईल आणि आज्जीला आनंद होईल, हे मला ठाऊक आहे. या वर्षी वर्गाच्या मुलींच्या प्रतिनिधीसाठी ज्या मैत्रिणी उभ्या राहणार आहेत, त्यांना मात्र माझी विनंती आहे, की रांगोळी अवश्य काढा, पण पहिल्याच सभेत खर्चाची वही मागून घ्या.